मेण खाणारी मुलं

चर्चच्या फाटकाशी मेणबत्त्या विकणारी कोन्सोर्सिया गोड बोलून गिऱ्हाईक ओढणाऱ्यांपैकी नव्हती. कुणी मेणबत्ती उचलून वाकडी आहे म्हणून परत ठेवली, की ती म्हणायची, "देवाला चालते. तुला चालत नसेल तर इलोइलो शहरात जा, तिथे विजेच्या, बटणाच्या मिळतात." तरी लोक तिच्याकडूनच घ्यायचे, कारण तिची मेणबत्ती मध्येच विझत नसे. घरामागच्या पडवीत ती स्वतः मेण वितळवायची, स्वतः वाती ओढायची. पोरंटोरं तिला तिया म्हणत, म्हणजे मावशी. वयाने धाकट्या बायका मानांग म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

तिच्याच बाकावर, तिच्याच मोठ्या छत्रीखाली रोसेंडा बसायची. ती जपमाळा आणि संतांच्या तसबिरी विकायची. दोघी शेजारी बसू लागल्या तेव्हा तरुण होत्या, आता दोघींचे केस पांढरे झाले होते. एकीला घरी जाऊन यायचं असलं की दुसरी दोन्ही दुकानं सांभाळायची. दुपारी एकाच डब्यातून भात आणि सुकी मासळी खायच्या आणि खाताना हमखास भांडायच्या. त्यांच्या त्या भांडणाला गावात कुणी भांडण म्हणत नसे.

आणखी एका बाबतीत दोघी सारख्या होत्या आणि तेही गावाला ठाऊक होतं. दोघींची पहिली मुलं बाप्तिस्म्याआधीच गेली. रोसेंडाची मुलगी पोटातच गेली. कोन्सोर्सियाचा मुलगा एकदा रडला. त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालायला सुईण रांजणाकडे धावली, ती परत येईतो तो थंड पडला होता. त्या काळी अशा मुलांना दफनभूमीच्या भिंतीआत जागा नव्हती. भिंतीबाहेरच्या सांतोलच्या झाडाखाली बापांनी खड्डे खणले, वर एकेक दगड ठेवला. दगडावर नाव नाही, कारण नाव ठेवायची वेळच आली नव्हती. कोन्सोर्सियाला तिच्या आईने तेव्हा सांगितलं होतं, की अशी मुलं एका थंड सावलीच्या जागी निजून असतात. त्यांना स्वर्ग दिसत नाही हे खरं, पण दुखत नाही, खुपत नाही, भूक लागत नाही. त्या बोलण्यावर तिने पुढची चाळीस वर्षं काढली. पुढे तिला मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही. पण त्या दगडाचा विषय तिने कुणापाशी काढला नाही, रोसेंडापाशीसुद्धा नाही.

आणि मग रेनांतेचं पुस्तक आलं.

रेनांते याच गावचा. मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी म्हणून जायचा, वर्षातून एकदा घरी यायचा. लहानपणी तो चर्चमध्ये पाद्रेंच्या हाताखाली घंटा वाजवायला असे, आणि कोन्सोर्सियाच्या ठेल्यावर ओघळलेलं मेण खरवडून त्याच्या गोळ्या करत बसे. त्या वर्षी तो खोकंभर पुस्तकं घेऊन आला. शहरातल्या एका छोट्या प्रकाशकाने त्याची कादंबरी छापली होती. आपल्याच इलोंगो बोलीत होती, नाव होतं 'बिननावाच्यांचा गाव'. पहिली प्रत त्याने कोन्सोर्सियाच्या हातात ठेवली.

"तिया, तुमच्या ठेल्यावर सुचलंय हे," तो म्हणाला. "तुमचे आभार पहिल्या पानावर आहेत."

"मला विचारून मानायचे होतेस," ती म्हणाली, पण पुस्तक ठेवून घेतलं. वाचायची तिला आवड होती. साप्ताहिकातल्या क्रमशः कथा ती बाकावर बसून वाचायची आणि नायिकांना शिव्या घालायची.

कादंबरी अशी होती. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या मुलांना नाव नसतं, म्हणून कुठल्याच दारातून त्यांना हाक येत नाही. ती झाडांच्या मुळांखालच्या एका गावात गोळा होतात. तिथे उजाडत नाही. गावाच्या वेशीवर किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक द्वारपाल बसलेला असतो आणि तो कुणाशी बोलत नाही. मुलं सतत भुकेली असतात. वर माणसांनी लावलेल्या मेणबत्त्यांचं मेण मातीतून झिरपत खाली येतं, तेवढंच ती चाटून खातात. एक आई आपलं मूल शोधायला तिथे उतरते. द्वारपाल तिला म्हणतो, ओळखलंस तर घेऊन जा. पण सगळ्या मुलांचे चेहरे एकसारखे. शेवटी ती कुणालाच घेऊन वर येत नाही. तिथेच राहते आणि एकेका मुलाला नाव देत बसते.

कोन्सोर्सियाने ते दोन दिवसांत वाचलं. मेण चाटणाऱ्या मुलांच्या पानाशी ती थांबली, पुस्तक उपडं ठेवलं, पडवीत जाऊन चुलीवरचं मेणाचं पातेलं उतरवलं. त्या दिवशी तिने एकही मेणबत्ती ओतली नाही.

गावात पुस्तक हातोहात गेलं. तिचाकी रिक्षा चालवणारा बोयेत म्हणाला, "भूतकथा म्हणून घेतली, तर यात कुणी कुणाचं काळीजसुद्धा खात नाही. नुसती रडारड." कॉलेजची पोरं मोबाइलवर त्यातली वाक्यं एकमेकांना पाठवू लागली. द्वारपालाचं चित्र एका पोराने दंडावर गोंदून घेतलं. शाळेतून निवृत्त झालेल्या हिलारियाबाई प्रार्थना मंडळाच्या प्रमुख होत्या. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा बघितला आणि सरळ निकाल दिला, की हा द्वारपाल म्हणजे स्वर्गाच्या किल्ल्या राखणारा संत पेद्रो आणि ही उघड देवनिंदा आहे. पुस्तक वाचनालयातून काढून टाकावं म्हणून त्या घरोघर सह्या घेत फिरू लागल्या. कोन्सोर्सियाकडे त्या मोठ्या आशेने आल्या.

"तुमच्यासारख्या बाईला तर किती लागलं असेल," त्या म्हणाल्या.

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?"

"म्हणजे... तुमचं दुःख."

"मॅडम, माझं मूल भिंतीबाहेर पुरलं, तेव्हा तुमचंच प्रार्थना मंडळ माझ्या घरावरून तोंड फिरवून जात होतं. सही नाही करत. पुस्तक घाण आहे, पण तुमच्या पंगतीत बसून मी ते घाण म्हणणार नाही. निघा."

रविवारच्या प्रार्थनेनंतर बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याच्या छपराखाली, गावातल्या वाचक मंडळींनी रेनांतेला बोलावलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक कुरकुरणारा माइक, मागे कॉफी आणि पावाची चळत. हिलारियाबाई संत पेद्रोवर बोलल्या. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, की देव गप्प आहे हे लिहायला हिंमत लागते. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "तुझी आई ऐकतेय," आणि लोक हसले. तरुण पाद्रे उठले आणि अगदी जपून म्हणाले, "चर्चची आजची शिकवण अशी आहे, की या मुलांना आपण देवाच्या दयेच्या हवाली करतो. त्यांच्यासाठी आशा आहे."

कोन्सोर्सिया माइकची वाट न बघता उभी राहिली.

"आज हवाली केलीत," ती म्हणाली. "मग चाळीस वर्षं ती कुणाच्या हवाली होती, पाद्रे?"

 पाद्रे खाली बसले. मग ती रेनांतेकडे वळली. "आणि तू रे. जहाजावर भांडी घासायची नव्हती का, म्हणून हे लिहीत बसलास? तुझं कोण मेलंय?"

"माझं कुणी नाही, तिया," रेनांते म्हणाला. "पण लहानपणी मी ते दगड बघायचो. त्यांच्याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं. म्हणून..."

"म्हणून तू बोललास. आम्ही गप्प होतो ते मुके होतो म्हणून, असं वाटलं तुला?"

एवढ्यात शेजारच्या खुर्चीवरची रोसेंडा उठली. ती कधी चारचौघांत बोलत नसे. "मला पुस्तक आवडलं," ती म्हणाली.  "शेवटच्या पानावर ती आई नावं देते ना, तिथे मी माझ्या मुलीला नाव दिलं. लुमिनादा. एवढ्या वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं की दे म्हणून."

 कोन्सोर्सियाने रोसेंडाकडे असं पाहिलं, जणू तिने भर बाजारात लुगडं फेडलं होतं. आणि कॉफी न घेता घरी निघून गेली.

खरा तंटा पुढच्या आठवड्यात पेटला. पुस्तक वाचलेली पोरं सांतोलच्या झाडाखाली मेणबत्त्या लावू लागली. आधी दोन-चार, मग रोज. मेण खाली झिरपावं, मुलांना मिळावं. कुणी हौसेने लावायचं, कुणी फोटो काढायला, कुणी खरंच डोळे पुसत. आणि मेणबत्त्या घ्यायला सगळे कोन्सोर्सियाच्याच ठेल्यावर यायचे. "तिया, मुलांसाठी द्या," असं सरळ म्हणायचे. एका पोराने तर विचारलं, "तिया, यातली चवीला बरी कुठली?" तिने त्याच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली आणि त्याच्याच डोक्यात मारली. त्या दिवसापासून झाडाखाली लावायला मेणबत्ती मागणाऱ्याला ती हात हलवत परत पाठवू लागली. पोरं शहरातून कारखान्यातल्या मेणबत्त्या आणू लागली.

एका सकाळी ती स्वतः झाडाखाली गेली. तिच्या दगडावर लाल-निळ्या मेणाचा थर चढला होता, कडेला कुणी प्लॅस्टिकची बाहुली ठेवली होती. तिने पायाने सगळ्या मेणबत्त्या आडव्या केल्या आणि बाहुली भिंतीवरून पलीकडे फेकली. वळली तर मागे रोसेंडा उभी. हातात पेटलेली मेणबत्ती, तीही कोन्सोर्सियाच्याच हातची, बाकावरून उचललेली.

"मानांग, माझ्या मुलीचीही विझवलीस," रोसेंडा म्हणाली.

"मेणावर जगतात का पोरं? वेडी झालीस तू. एका खानसाम्याने काहीतरी खरडलं आणि तू मेलेल्याला भरवायला निघालीस."

"तू नाही का मेलेल्यांच्या नावाने मेणबत्त्या विकत आलीस इतकी वर्षं?"

"मी उजेड विकते. जेवण नाही."

"तुझ्या मुलाला उजेड पण नाही लावलास कधी."

 कोन्सोर्सिया फाटकाशी गेली, बाकावरून रोसेंडाच्या तसबिरी एकेक करून उचलल्या आणि फाटकाच्या दुसऱ्या बाजूला, उन्हात, जमिनीवर नीट रांगेने मांडल्या. मग छत्री आपल्या बाजूला ओढून घेतली. रोसेंडा आली, तिने ते पाहिलं, आणि उन्हात बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या जावयाने तिला नवी छत्री आणून दिली. गावाला कळलं, की हे मात्र भांडण आहे.

रेनांतेची सुटी संपत आली होती. जहाजावर परतण्याआधी तो कोन्सोर्सियाच्या पडवीत आला. सोबत त्याच्या आईने पानात बांधून दिलेला गोड भात होता. ती मेण ढवळत होती. तिने त्याला बस म्हटलं नाही.

"तिया, काय चुकलं ते तरी सांगा. तुम्ही शिव्या देताय, पण नेमकं कशाला ते मला कळत नाहीये."

"कळायला तुला पोर व्हावं लागेल, आणि ते जावंही लागेल. तसलं काही मी तुला म्हणणार नाही."

"मग सांगा ना."

तिने पळी पातेल्यात सोडली. "तू माझ्या मुलाला उपाशी ठेवलंस," ती म्हणाली. "माझ्या आईने मला सांगितलं होतं, त्याला भूक लागत नाही. मी ते मानलं. मला ते मानता येत होतं, म्हणून मी रोज उठून जेवू शकले. आता ताटावर बसले की मला तो मातीत तोंड घालून मेण चाटताना दिसतो. बाकीचं तुझं सगळं खोटं मी विसरले, तो द्वारपाल, ती किल्ल्यांची बोंब. पण हे जात नाही. किती वेळ लागला रे तुला ते लिहायला?"

रेनांतेने भाताची पुडी चुलीशेजारी ठेवली. "एका बैठकीत लिहिलं होतं," तो म्हणाला. "फार चांगलं जमलं असं वाटलं होतं मला."

"जमलंच आहे. तेच तर."

"दुसरी आवृत्ती निघणार आहे. मी ते पान बदलतो, तिया."

"तुझं पुस्तक आहे, काय वाटेल ते कर," ती म्हणाली. "तो भात घेऊन जा. मला गोड चालत नाही."

सर्व संतांच्या दिवशी, आपापल्या मेलेल्यांना भेटायला, गाव दफनभूमीत लोटलं. थडगी धुतलेली, फुलं, पांढरा रंग, पोरांचे पतंग, पत्त्यांचे डाव. दुपारच्या उन्हात कोन्सोर्सिया झाकणाचं भांडं घेऊन भिंतीबाहेर गेली. लोक बघतात हे तिला दिसत होतं. "काय बघताय? तुमच्या मेल्यांकडे बघा," ती म्हणाली आणि आपल्या दगडापाशी गुडघे टेकून बसली. भांड्यात आलं घालून केलेली भाताची पातळ पेज होती, दात नसलेल्याला देतात तशी. तिने पळीने ती दगडाच्या कडेला मातीवर ओतली. पेज मातीत जिरेपर्यंत थांबली आणि पुन्हा ओतली. बाकीच्या दगडांनाही एकेक पळी दिली. रोसेंडाचा दगड तेवढा सोडला.

रोसेंडा आपल्या दगडापाशी मेणबत्ती लावून बसली होती. दगडावर तिने पांढऱ्या रंगाने लुमिनादा असं लिहून घेतलं होतं. तिने सगळं पाहिलं. गप्प राहिली असती तर कदाचित तेव्हाच काही जुळलं असतं, असं गावातल्या बायका अजून म्हणतात. पण तिच्याने राहवलं नाही.

"म्हणजे मानांग, तूही मानलंसच की पुस्तक."

कोन्सोर्सियाने भांड्यावर झाकण ठेवलं. "मी मानलं नाही. माझ्यावर लादलं गेलं," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसरी आवृत्ती ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आली. रेनांतेने शब्द पाळला होता. मेणाचं पान निघालं होतं. त्या जागी साधं वाक्य होतं, की त्या गावात कुणालाच भूक लागत नसे. कॉलेजची पोरं चिडली. लेखक म्हाताऱ्या बायकांना घाबरला, पुस्तकाचं काळीजच काढून टाकलं, असं त्यांनी मोबाइलवर लिहून गावभर केलं, आणि जुनी प्रत दुप्पट भावाने विकली जाऊ लागली. हिलारियाबाई म्हणाल्या, किल्ल्या अजून तशाच आहेत, म्हणजे काहीच बदललेलं नाही. बोयेतने नवी प्रत घेतलीच नाही.

रोसेंडा मात्र फाटक ओलांडून तरातरा या बाजूला आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"तू सांगितलंस त्याला बदलायला. मला त्याच्या आईने सांगितलं."

"मी काही सांगितलं नाही. तो आपणहून म्हणाला."

"माझ्या मुलीला मी रोज दोन घास पोचवत होते. आता पुस्तकातच छापलंय, तिला काही लागत नाही म्हणून. मी मेणबत्ती लावते आणि मला वाटतं, कुणासाठी लावतेय. तू माझ्या मुलीचं जेवण काढून घेतलंस, मानांग."

"बरं झालं," कोन्सोर्सिया म्हणाली. पण ते बोलताना तिने वर पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी तिने ते नवं पान वाचलं. पुन्हा वाचलं. तिला हवं होतं ते तिथे छापलेलं होतं, पांढऱ्यावर काळं. तिचा त्यावर विश्वास बसला नाही. आईने सांगितलं तेव्हा बसला होता, कारण आई ते बोलताना स्वतः रडत होती. हे वाक्य मात्र कुणीतरी कुणाला तरी गप्प करायला लिहिलेलं होतं. तिने पुस्तक मिटलं आणि थेट रेनांतेच्या आईकडे नेऊन दिलं. "तुझ्या मुलाला कळव," ती म्हणाली, "आधीचं वाईट होतं, हे खोटं आहे. आता आणखी काही बदलू नको म्हणावं. माझ्यासाठी तर नकोच."

त्यानंतर फाटकाच्या दोन बाजूंना दोन छत्र्या कायमच्या राहिल्या. गिऱ्हाईक मेणबत्ती इकडून घ्यायचं, जपमाळ तिकडून. डबे दोन झाले. पाद्रेंनी मध्ये पडून बघितलं, तर दोघींनी त्यांना एकाच स्वरात तुमचं काम करा म्हणून सांगितलं.

पुढच्या सर्व संतांच्या दिवशी कोन्सोर्सिया पुन्हा पेज घेऊन गेली. या वेळी भांडं मोठं होतं. आपल्या दगडाला दिली, रांगेतल्या सगळ्यांना दिली, आणि लुमिनादाच्या दगडापाशी येऊन जरा थांबली. रोसेंडा तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेली होती. तिच्याकडे न बघता कोन्सोर्सियाने भरलेली पळी ओतली. "पोरीने कुणाचं काय केलंय," एवढं दगडाला म्हणाली आणि झाकण लावून चालू लागली. रोसेंडाने तिला थांबवलं नाही. आभारही मानले नाहीत.

सोमवारी फाटकाशी एका गिऱ्हाइकाला जपमाळ गुंडाळून देताना रोसेंडा मोठ्याने म्हणाली, पलीकडच्या छत्रीपर्यंत नीट पोचेल इतक्या मोठ्याने, "त्या बाईच्या पेजेत मीठच नसतं."